नव्या शहराचा पत्ता

परमुलखात निघालेला माणूस आधी काय विचारतो? हवापाणी कसं, मजुरी किती. पण त्याचा धर्म तिथल्या बहुसंख्यांहून वेगळा असला, तर आणखी एक प्रश्न मनात असतो. आपलं नाव ऐकल्यावर घर मिळेल ना? भाड्याची खोली शोधताना हा प्रश्न मलाही पडलेला आहे. म्हणूनच पावणेदोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेला निघालेले आयरिश कॅथलिक मला परके वाटत नाहीत.

१८४५ साली आयर्लंडात बटाट्यावर रोग पडला. पुढं कित्येक वर्षं उपासमार चालली आणि लाखो माणसं बोटीत बसली. प्रॉटेस्टंट अमेरिकेत जायचं, पण कुठल्या शहरी? बोस्टनशेजारच्या चार्ल्सटाउनमध्ये १८३४ साली जमावानं कॅथलिक जोगिणींचा मठ जाळला होता. तिथं मुलींची शाळाही होती. फिलाडेल्फियात शाळेत कोणतं बायबल वाचायचं यावरून वाद पेटला आणि १८४४ साली दोन चर्च भस्मसात झाली. न्यूयॉर्कमध्ये मात्र त्याच वर्षी बिशप जॉन ह्यूज यांनी चर्चभोवती माणसांचा पहारा बसवला. तिथली चर्च वाचली.

हा हिशेब पाहून सगळ्यांनी न्यूयॉर्कच गाठलं का? नाही. लोक तिन्ही शहरांत गेले. कारण शहर नकाशावर निवडलं जात नव्हतं, ते पत्रातून येत होतं. आधी गेलेली बहीण परक्या घरी धुणीभांडी करून पैसे साठवी आणि भावाला बोटीचं तिकीट पाठवी. बहीण जिथं, तेच त्याचं शहर.

उतरल्यावर पुढचा पत्ता चर्चचा. एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीला ते पॅरिश म्हणतात. आपण मोहल्ला म्हणू. कामाची खबर, मुलांची शाळा, मयताला खांदा, सारं तिथंच मिळे. १८५० साली न्यूयॉर्कमध्ये या लोकांसाठी बचत बँकही निघाली.

पण गोष्ट इथं संपत नाही. जुलै १८६३ मध्ये सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये दंगल उसळली. त्या जमावानं कृष्णवर्णीयांना ठार मारलं, त्यांच्या अनाथ मुलांचा आश्रम जाळला. जमावात आयरिश कॅथलिक मोठ्या संख्येनं होते. ज्या शहरात त्यांची चर्च वाचली होती, तेच हे शहर!

उलट बोस्टन पाहा. मठ जळाल्याला पन्नास वर्षं झाली, त्या १८८४ साली आयर्लंडात जन्मलेले कॅथलिक ह्यू ओब्रायन तिथं महापौर म्हणून निवडून आले.

तेव्हा श्रोतेहो, अमुक शहर चांगलं, अमुक वाईट, असा शिक्का कायमचा मारता येत नाही. नवा माणूस विचारतो, इथं मला जागा आहे का? ती मिळाली, की मागून येणाऱ्याला जागा द्यायची की नाही, हे त्यालाच ठरवावं लागतं.