ब्लॅक नाइट (पिनबॉल यंत्र)

शिकागोच्या विल्यम्स कंपनीने १९८० मध्ये बाजारात आणलेले पिनबॉल यंत्र. रचनाकार स्टीव्ह रिची. पिनबॉलमध्ये रिलेंची जागा मायक्रोप्रोसेसरने घेऊन तेव्हा काही वर्षेच झाली होती. दोन मजली खेळफलक, एकाच वेळी तीन गोळ्यांचा खेळ आणि खेळणाऱ्याला उघड आव्हान देणारा काळ्या सरदाराचा आवाज ही त्याची वैशिष्ट्ये.

खेळाडूंच्या बोलण्यात सर्वाधिक येते ते ‘मॅग्ना-सेव्ह’. गोळी कडेच्या गल्लीतून निसटू लागली की पेटीच्या बाजूचे जादा बटण दाबायचे. फलकाखालचे विद्युत्‌चुंबक तिला खेचून धरते आणि बटण सोडताच ती फ्लिपरकडे येते. मात्र ही सोय आधी लक्ष्यपट्ट्या पाडून कमवावी लागते, आणि बोट किंचित उशिरा पडले तर गोळी गेलीच. नशिबावर सोडलेला क्षण खेळाडूच्या हाती देणारी ही कल्पना रिचीच्या उत्तम कल्पनांपैकी एक म्हणावी लागेल.

तक्रारीही जुन्याच आहेत. वरच्या मजल्यावरून वेगाने उतरलेली गोळी सावरायला वेळ मिळत नाही, त्यामुळे नवखा खेळाडू पटकन बाद होतो. नियम थोडे असल्याने दीर्घ खेळात तोचतोपणा येतो, असेही काहींचे मत आहे. संगीतासाठी अनेकांना १९८९ चे ‘ब्लॅक नाइट २०००’ अधिक आवडते. तरीही मूळ यंत्राचा निर्दयपणा हाच त्याचा खरा गुण, असे मानणारे जाणते खेळाडू पुष्कळ आहेत.