मोहाडीच्या घरांतील पिसवा व इतिहासांतील तीन नोंदी

गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या अखेरीस आम्ही कांहीं कामानिमित्त दीड महिना परगांवीं होतों. मोहाडी (जिल्हा भंडारा) येथील आमचें घर तितके दिवस बंद होतें. परत येऊन कुलूप काढलें व माजघरांत पाऊल टाकलें, तोंच घोट्यापर्यंत पायांस सुया टोंचल्यासारखें झालें. दिवा लावून पाहतों तों धोतराच्या कांठावर बारीक काळ्या पिसवा उड्या मारीत होत्या. घरच्या मांजरीचें कौलांच्या फटींतून येणें-जाणें असे. तिनें माळ्यावर, आमच्या संग्रहांतील पोथ्यांचे रुमाल ठेविलेल्या कोपऱ्यांतच, पिलें घातलीं होतीं. पिलें मोठीं होऊन निघून गेलीं. तीं जेथें निजत तेथील धुरळ्यांत पिसवांचें बिऱ्हाड मात्र मागें राहिलें.

शेजारीपाजारी जमले. त्यांतील एका वृद्ध गृहस्थांनीं कळवळ्यानें सांगितलें, “गुरुजी, मांजर दूर शेतावर नेऊन सोडा आणि हे जुने कागद पेटवून द्या, त्याखेरीज ही पीडा जायची नाहीं.” उपाय सोपा होता, व रात्रभर पाय खाजवीत बसलेल्या माणसास तो पटण्यासारखाही होता. परंतु रुमालांची गांठ सोडतां सोडतां आमच्या मनांत आलें कीं, पिसवांच्या पायीं घरांतील वस्तु जाळण्याचा प्रयोग या महाराष्ट्रांत पूर्वीं एकदां मोठ्या प्रमाणावर होऊन गेला आहे, आणि त्या वेळीं जाळणारांस पिसू हें कारण आहे याची कल्पनाही नव्हती. म्हणून प्रथम जुन्या नोंदी पाहाव्या, मग काडी ओढावी कीं नाहीं तें ठरवावें, असा आम्हीं निश्चय केला. त्या शोधाचें फल येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

आरंभीं शब्दाविषयीं थोडें. मराठी ‘पिसू’ हा शब्द प्राकृतांतील ‘पिसुअ’ या रूपाशीं जुळतो. वेदवाङ्मयांत ‘प्लुषि’ नांवाचा एक क्षुद्र उपद्रवी कीटक येतो. बृहदारण्यक उपनिषदांत अत्यंत लहान देहाचें उदाहरण म्हणून, मशक व हत्ती यांच्या पंक्तीस, त्याचा उल्लेख आहे. आचार्यांच्या भाष्यांत त्याचा अर्थ ‘पुत्तिका’ असा केला आहे. पाश्चात्य भाषाशास्त्रज्ञ मात्र त्याचा संबंध लॅटिन भाषेंतील पिसूवाचक ‘पूलेक्स’ या शब्दाशीं लावितात. अर्थ कोणताही घ्या, सृष्टींतील अल्पांत अल्प प्राणी म्हणून ज्याची गणना झाली, त्याचा मनुष्याच्या इतिहासाशीं संबंध मात्र अल्प नाहीं.

पहिली नोंद आग्र्याची आहे. बादशहा जहांगीर याच्या ‘तुझुक-इ-जहांगिरी’ या आत्मवृत्तांत इ. स. १६१९ च्या सुमारास आग्रा शहरांत चाललेल्या सांथीची हकीकत आली आहे. बादशहा त्या वेळीं शहरांत न जातां फत्तेपूर येथें राहिला होता. मृत आसफखान (जाफर बेग) याच्या कन्येनें आपल्या घरीं घडलेला प्रकार सांगितला, व तो त्यानें आश्चर्य वाटून लिहून ठेविला. तिच्या अंगणांत एक उंदीर दारू प्यायलेल्या माणसासारखा पडत-उठत आला. तिच्या सांगण्यावरून एका दासीनें त्याची शेंपटी धरून त्यास मांजरापुढें टाकलें. मांजरानें आनंदानें झडप घालून त्यास तोंडांत धरलें, परंतु लगेच किळस आल्याप्रमाणें टाकून दिलें. पुढें मांजर आजारी पडलें. त्याची जीभ व टाळू काळी झालेली दिसली. तीन दिवस तें क्लेशांत होतें. त्यानंतर एका दासीच्या अंगावर गांठ उठली, आणि आठ-नऊ दिवसांत त्या घरांतील सतरा माणसें मेलीं.

या हकीकतींत पिसूचें नांवही नाहीं. परंतु उंदीर, मांजर, दासी व मग घरांतील माणसें हा क्रम सांगणाऱ्या स्त्रीनें जसा पाहिला तसा सांगितला. लिहिणारानेंही त्यांत आपला तर्क घुसडला नाहीं. मांजरास रोग तोंडानें झाला कीं अंगावर आलेल्या पिसवांनीं, याचा निर्णय या मजकुरावरून होत नाहीं. दोन्ही प्रकार संभवतात हें आज सिद्ध आहे. तथापि घरांतील माणसें मरण्यापूर्वीं घरांतील उंदीर मरतो, ही खूण या नोंदींत स्पष्ट आहे. ती वाचून अर्थ लावण्यास जगास पावणेतीनशें वर्षें लागलीं.

त्या विलंबाची किंमत आमच्या लोकांनीं दिली. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं ग्रंथिज्वराचे, म्हणजे प्लेगचे, रोगी ओळखिले. रोगाचा जंतु १८९४ सालीं हाँगकाँग येथें अलेक्झांडर येर्सिन यानें शोधिला होता. पण तो माणसाच्या देहांत कोणत्या वाटेनें शिरतो हें ठाऊक नव्हतें. रोग घाणींत, जमिनींत, कपड्यांत व कोंदट हवेंत राहतो अशी समजूत होती. फेब्रुवारी १८९७ मध्यें सांथीच्या रोगांचा कायदा झाला, आणि पुण्यास वॉल्टर चार्ल्स रँड याच्या अध्यक्षतेखालीं प्लेग कमिटी बसली. मार्चपासून मेपर्यंत गोरे शिपाई घरोघर शिरत. देवघर व माजघर यांचा विधिनिषेध त्यांनीं ठेविला नाहीं. जमिनी उकरल्या, भिंतींस चुना फांसला, जंतुनाशक द्रवांचा मारा केला, अंथरुणें-पांघरुणें व चीजवस्तु रस्त्यांत आणून जाळल्या. याच दिवसांत, १० मार्च रोजीं, रोग्यांची शुश्रूषा करीत असतां सावित्रीबाई फुले त्याच रोगानें निवर्तल्या. २२ जून १८९७ रोजीं चापेकर बंधूंनीं केलेल्या हल्ल्यांत लेफ्टनंट आयर्स्ट ठार झाला व रँड ३ जुलैस मरण पावला. पुढील इतिहास सर्वांस विदित आहे.

आज मागें वळून पाहतां या प्रकरणाची एक बाजू विशेष खेदकारक वाटते. जंतु जमिनीवर नव्हता. तो उंदराच्या रक्तांत व पिसूच्या पोटांत होता. जमीन उकरली, द्रव ओतला कीं उंदीर उठून शेजारच्या घरीं जात, आणि आपल्या पिसवाही बरोबर नेत. उलट, गांवांत उंदीर पडूं लागले कीं घरें सोडून माळावर झोपड्या घालून राहण्याचा जो क्रम लोकांनीं धरिला, तो योग्य होता. कारण त्यायोगें माणूस उंदरांच्या घरापासून दूर जाई. सरकारनेंही पुढें गांव सोडण्याचा हा उपाय मुख्य उपायांत मोजला.

दुसरी नोंद कराचीची. पॅरिस येथील पाश्चर संस्थेनें पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्यास १८९७ सालीं हिंदुस्थानांत पाठविलें. कांहीं रोग्यांच्या अंगावर पाण्यानें भरलेला एक लहान फोड असतो व तो पिसू चावल्याच्या जागीं आलेला असतो, हें त्याच्या ध्यानांत आलें. तसेंच नुकत्याच मेलेल्या उंदरास हात लावणारास रोग होतो, पण बराच वेळ मरून पडलेल्या उंदरापासून होत नाहीं, हेंही त्यानें पाहिलें. प्रेत थंड होतांच पिसवा त्यास सोडून जातात, हें यांतील रहस्य. २ जून १८९८ रोजीं कराची येथें त्यानें एका मोठ्या कांचेच्या बरणींत रोगी उंदीर ठेविला. पिसवा पुरेशा असाव्या म्हणून त्यानें एका मांजराच्या अंगावरच्या पिसवा काढून बरणींत सोडल्या. रोगी उंदीर मरणोन्मुख झाल्यावर जाळीच्या पिंजऱ्यांत एक निरोगी उंदीर वर टांगला. दोघांचा स्पर्श होणें शक्य नव्हतें. जाळींतून उडी मारून जाईल ती पिसूच. निरोगी उंदीर थोड्याच दिवसांत ग्रंथिज्वरानें मेला. त्याच सालीं सिमाँनें हा शोध प्रसिद्ध केला, पण पुष्कळांनीं तो थट्टेवारी नेला, व सरकारनें नेमलेल्या प्लेग कमिशननेंही त्यास महत्त्व दिलें नाहीं.

पुढें मुंबईस ग्लेन लिस्टन यानें गिनिपिग नांवाचे प्राणी प्लेगच्या घरांत मोकळे सोडले व त्यांच्या अंगावर गोळा झालेल्या पिसवा मोजून-ओळखून पाहिल्या. त्या मुख्यतः उंदराच्या पिसवा निघाल्या. १९०५ सालीं स्थापलेल्या संशोधन मंडळानें परळ येथील प्रयोगांनीं सिमाँचें म्हणणें निःसंशय ठरविलें. १९१४ सालीं बॅकट व मार्टिन यांनीं त्याची रीतही दाखविली. जंतु वाढून पिसूचा अन्नमार्ग तुंबतो. भुकेनें व्याकुळ झालेली पिसू वारंवार चावते. रक्त आंत न जातां जंतूंसह परत जखमेंत येतें. एवढ्या लहान देहांतील एवढ्याशा अडथळ्यानें १८९६ पासून वीस-बावीस वर्षांत या देशांत एक कोटीच्या आसपास माणसें गेलीं.

तिसरी नोंद आमच्या प्रांताची, म्हणून आम्हांस अधिक जवळची. वऱ्हाड त्या काळीं मध्यप्रांतास जोडलेला होता. भंडारा व अमरावती हे दोन्ही जिल्हे एकाच कारभाराखालीं होते. अमरावतीचे सिव्हिल सर्जन अँड्र्यू ब्युकॅनन यांनीं गांवोगांव मांजरें मोजविलीं. ज्या गांवीं मांजरें पुष्कळ तेथें प्लेग कमी, असें त्यांस आढळलें, व मांजर हेंच प्लेगचें निवारण अशा आशयाचा लेख त्यांनीं १९०८ सालीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ या पत्रांत लिहिला. धानाच्या कोठ्यांजवळ मांजर ठेवणाऱ्या आमच्या शेतकऱ्यांस हें सांगण्यास विलायती पत्राची गरज नव्हती. परंतु मोजणी करून तें मांडण्याचें श्रेय ब्युकॅनन यांचेंच आहे.

आतां या तीन नोंदी एकत्र ठेवून पाहाव्या. आग्र्याचें मांजर रोगाचें भक्ष्य झालें, कराचीच्या मांजरानें पिसवा पुरविल्या, अमरावतीचीं मांजरें रक्षक ठरलीं. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, व त्यांत विरोध नाहीं. मांजर उंदीर कमी करतें, म्हणून उपकारक. परंतु त्यास स्वतःस प्लेग होऊं शकतो आणि त्याच्यापासून माणसासही, म्हणून उंदीर पडत असतां आजारी मांजरास उघड्या हातांनीं हाताळूं नये. मांजराच्या व कुत्र्याच्या अंगावरची नेहमींची पिसू ही उंदराच्या पिसूहून भिन्न जातीची असते, व प्लेग पसरविण्यांत ती फारशी समर्थ नाहीं. यास्तव घरांत पिसवा झाल्या म्हणजे प्लेग आला, असें समजण्याचें कारण नाहीं. खरी भीतीची खूण आग्र्याच्या नोंदींतलीच: उंदीर आपोआप पडूं लागणें. ही खूण जुनी झाली असेंही कोणीं मानूं नये. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर, १९९४ च्या ऑगस्टांत, बीड जिल्ह्यांतील मामला गांवीं ग्रंथिज्वराचे रोगी आढळल्याचें जाहीर झालेंच होतें.

आमच्या घरीं उंदीर पडलेले नव्हते. तेव्हां प्रश्न केवळ मांजराच्या पिसवांचा होता, व त्यास इतिहासानें दिलेली शिकवण लागू केली: शत्रु कोठें राहतो हें आधीं पाहावें. पिसू दिवसास चाळीस-पन्नासपर्यंत अंडीं घालते. तीं मांजराच्या अंगावरून गळून फटींत व धुरळ्यांत पडतात; अळ्या तेथेंच वाढून कोश करितात. कोशांतील पिसू कित्येक महिने स्वस्थ राहते, आणि पावलांचा हादरा व अंगाची ऊब लागतांच बाहेर उडी घेते. बंद घरांत पाऊल ठेवतांच झालेल्या स्वागताचें कारण हेंच. म्हणून केवळ मांजर घालविल्यानें कांहीं साधलें नसतें; भुकेल्या पिसवा आम्हांवरच पडल्या असत्या.

पशुवैद्यांनीं मांजरास मानेवर घालावयाचें औषध दिलें व एक इशारा दिला, तो सर्वांनीं ध्यानांत ठेवावा. कुत्र्यांसाठीं विकल्या जाणाऱ्या कांहीं औषधांत परमेथ्रिन असतें, तें मांजरास प्राणघातक होतें. एकाचें औषध दुसऱ्यास देऊं नये. मांजराच्या निजण्याचीं फडकीं उकळत्या पाण्यांत धुतलीं. फटींतील धूळ रोज झाडून घराबाहेर नेऊन जाळली, आणि हा क्रम महिनाभर मोडला नाहीं. कारण कोशांतून नवी पिढी निघतच राहते. रुमालांवर कोणतेंही औषध फवारलें नाहीं, कारण त्यानें शाई व कागद बिघडतात. एकेक रुमाल अंगणांत सावलींत सोडला. वेष्टनावरची जुनी नोंद व कागदांचा मूळचा अनुक्रम प्रथम उतरून घेतला. मग पानें मऊ कुंच्यानें झाडलीं, व फडकें तेवढें उकळून धुतलें. सहाव्या आठवड्यांत पांढरे मोजे घालून माळ्यावर फिरलों, तों मोज्यांवर एकही ठिपका दिसला नाहीं. काडी ओढावी लागली नाहीं. एक पान गेलें नाहीं, आणि मांजरही घरींच आहे.

संग्राहकांस एवढीच विनंति कीं, बाडें चाळतांना राजकारणाच्या पत्रांबरोबर घरगुती टिपणेंही जपावीं. कोणत्या सालीं उंदीर पडले, कोणत्या महिन्यांत गांव माळावर गेला, कोणाच्या घरचें मांजर मेलें, अशी ओळ दिसली तर ती क्षुल्लक समजून टाकूं नये. आसफखानाच्या कन्येची साक्ष अशीच क्षुल्लक होती. ती कोणीं वेळीं वाचली असती, तर पुण्याच्या रस्त्यांवर जळालेलीं अंथरुणें कदाचित् जळालीं नसतीं.