टेपला प्रश्न विचारणारी तार

अंधेरी पश्चिमेच्या डबिंग स्टुडिओत एखादं वाक्य ओठांवर बसलं नाही की रेकॉर्डिस्ट कळ दाबतो आणि चित्र-आवाज दोन्ही वाक्याच्या तोंडाशी परत येतात. फिल्मच्या जमान्यात यासाठी त्या तुकड्याची टोकं जोडून लूप फिरवत ठेवावा लागे.

कळ दाबून मशीन चालवण्याच्या एका भाषेची सुरुवात मिडीपासून होते. १९८३ साली मिडी आलं ते वेगवेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड एकमेकांना जोडता यावेत म्हणून. रोलँडचे इकुतारो काकेहाशी आणि सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ यांनी त्यात पुढाकार घेतला. रेकॉर्डर मात्र बाहेरच राहिले. १९८७ मध्ये मिडी टाइमकोड आला, त्यामुळे वेळ तारेतून कळू लागली; पण मशीन चालवायची सर्वांना मान्य अशी भाषा जानेवारी १९९२ मध्ये मिळाली. तिचं नाव मिडी मशीन कंट्रोल, थोडक्यात एमएमसी.

'प्ले'चा संदेश हेक्साडेसिमल आकड्यांत असा असतो: एफ०, ७एफ, ७एफ, ०६, ०२, एफ७. पहिला आणि शेवटचा आकडा संदेशाच्या दोन कडा. दुसरा ७एफ म्हणजे जोडलेल्या सगळ्या मशीननी ऐकावं, ०६ म्हणजे ही आज्ञा आहे, ०२ म्हणजे प्ले. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट्स, म्हणून हे सहा बाइट दोन मिलिसेकंदांच्या आत पोचतात.

टेप मात्र तेवढ्यात पोचत नाही. रीळ उलटं फिरायला, थांबायला वेळ लागतो, आणि एमएमसी रचणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून ०३ ही वेगळी आज्ञा आहे: अजून जागा शोधत असशील तर तिथे पोचल्यावर वाजायला लाग. म्हणूनच ४२ आहे. तिचं काम हुकूम सोडणं नव्हे, विचारणं आहे; उदाहरणार्थ, आत्ता कुठल्या तासा-मिनिटाला, कुठल्या फ्रेमला आहेस? मशीन उत्तर देते तेव्हा ०६च्या जागी ०७ येतो. उत्तर परत यायला दुसरी केबल लागते. मला या सगळ्या रचनेत हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण हुकूम सोडणं सोपं होतं. मशीनचं ऐकून घ्यायची सोय त्यांनी मुद्दाम केली. अनेक उपकरणांनी मात्र एकाच केबलवर, नुसत्या आज्ञांवर भागवलं.

आता रेकॉर्डिंग हार्ड डिस्कवर होतं, तिथे मागे जायला वेळच लागत नाही. तरी प्रो टूल्सच्या सेटिंगमध्ये एमएमसी अजून आहे. आज्ञा देणाऱ्या आणि ऐकणाऱ्या मशीनचे आयडी, म्हणजे ओळख-क्रमांक, जुळले नाहीत तर कळ दाबूनही काही हलत नाही. १२७ ठेवला, म्हणजे तोच ७एफ, की सगळी मशीन ऐकतात.