पांबनचा रस्तापूल : रामेश्वरचा दुसरा दुवा

काशी-रामेश्वर यात्रेचे पुण्य पदरी पाडून घेणाऱ्या मराठी यात्रेकरूंपैकी अनेकांना रामेश्वर हे बेटावर वसले आहे, याची जाणीव गाडी समुद्रावर आल्यावरच होते. तामिळनाडूच्या किनाऱ्यावरील मंडपम आणि पांबन बेट यांना जोडणारा सुमारे २.३ किलोमीटर लांबीचा काँक्रीटचा रस्तापूल २ ऑक्टोबर १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते वाहतुकीस खुला झाला. 'अन्नै इंदिरा गांधी पूल' हे त्याचे अधिकृत नाव. तमिळ भाषेत अन्नै म्हणजे माता. लोकांच्या तोंडी मात्र तो पांबनचा पूल.

त्यापूर्वीची ७४ वर्षे बेटाची सारी मदार १९१४ मधील रेल्वेपुलावर होती. एकाच दुव्यावर विसंबण्याची किंमत डिसेंबर १९६४ मध्ये मोजावी लागली. चक्रीवादळाने बेटाच्या टोकावरील धनुष्कोडी गाव उद्ध्वस्त केले, तेथे निघालेली प्रवासी गाडी लाटांनी गिळली आणि रेल्वेपुलाचे अनेक गर्डर समुद्रात कोसळले. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली रेल्वेने अवघ्या ४६ दिवसांत तो पूल पुन्हा उभा केला. ही शौर्यकथा सर्वतोमुखी आहे. १९७४ मध्ये सुरू होऊन तब्बल चौदा वर्षे रेंगाळलेल्या रस्तापुलाच्या वाट्याला असे कौतुक क्वचितच आले.

वास्तविक त्याची रचनाही लक्षणीय आहे. रेल्वेपूल पाण्यालगत असल्याने जहाजांसाठी त्याचा मधला भाग उघडावा लागतो. रस्तापूल मध्यभागी उंच उचललेला असल्याने जहाजे खालून निघून जातात आणि वाहतूक थांबत नाही. खरा शत्रू आहे तो खारा वारा. काँक्रीटमध्ये क्षार झिरपले की आतील सळया गंजून फुगतात, बाहेरचे काँक्रीट तडकते. त्यामुळे येथे देखभालीला खंड पडून चालत नाही.

या पुलाचे मोल अलीकडे पुन्हा प्रत्ययास आले. जीर्ण रेल्वेपूल डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाला आणि नवा रेल्वेपूल ६ एप्रिल २०२५ रोजी सुरू झाला. मधली सव्वादोन वर्षे रेल्वेगाड्या अलीकडेच थांबत. यात्रेकरू, धान्य, मासळी असे सारे दोन पदरी रस्तापुलावरूनच ये-जा करीत होते. त्यातच भर पुलावर वाहन उभे करून छायाचित्रे काढणाऱ्या हौशी पर्यटकांमुळे होणारी कोंडी वेगळीच!