एका रात्रीचा संघ: फँटसी फुटबॉल हंगामावरून एका सामन्यापर्यंत कसे आले?

१) ३ फेब्रुवारी २०१९, अटलांटा. अमेरिकी फुटबॉलच्या हंगामाचा अंतिम सामना, म्हणजेच सुपर बोल. एका बाजूला न्यू इंग्लंड पेट्रियट्स, दुसऱ्या बाजूला लॉस एंजेलिस रॅम्स. रॅम्सने त्या हंगामातील १६ साखळी सामन्यांत ५२७ गुण केले होते. सामन्यामागे जवळजवळ ३३. त्यांचा रनिंग बॅक टॉड गर्ली याच्या नावावर २१ टचडाउन होते. त्या रात्री एकाच सामन्यातून सहा खेळाडूंचा काल्पनिक संघ निवडणाऱ्या कोणालाही गर्लीला वगळणे धाडसाचे वाटले असते.

२) सामना १३-३ असा संपला. सुपर बोलच्या इतिहासातील ही सर्वांत कमी एकूण गुणसंख्या. गर्ली दहा वेळा चेंडू घेऊन धावला आणि त्याला ३५ यार्ड मिळाले. ‘ड्राफ्टकिंग्ज’ कंपनीच्या गुणपद्धतीत त्याची त्या रात्रीची कमाई ४.४ गुण. रॅम्सचा किकर ग्रेग झुअरलाइन याच्या ५३ यार्डांवरून मारलेल्या एकाच यशस्वी किकचे गुण मात्र ५. ज्याने किकर निवडला तो जाणकार म्हणावा की नशीबवान? या एका प्रश्नाभोवती फँटसी फुटबॉलचा सहा दशकांचा इतिहास फिरतो.

३) प्रथम थोडी ओळख. येथे फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडूचा अमेरिकी खेळ. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो, रिसीव्हर तो झेलतो, रनिंग बॅक तो घेऊन धावतो, किकर खांबांमधून मारतो. फँटसी स्पर्धक खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ बांधतो. मैदानावर त्या खेळाडूंनी केलेल्या कामगिरीचे गुण त्याच्या खात्यात जमा होतात. खरा सामना कोण जिंकला, याला महत्त्व नसते.

४) या खेळाचा जन्म एका पराभूत संघाच्या दौऱ्यात झाला. १९६२ च्या हंगामात ओकलंड रेडर्सने १४ पैकी अवघा एक सामना जिंकला. पूर्व किनाऱ्याच्या दौऱ्यात संघाबरोबर तिघे जण होते: संघाचे छोटे भागीदार विल्फ्रेड विंकनबाख, जनसंपर्क पाहणारे बिल टनेल आणि ‘ओकलंड ट्रिब्यून’चे क्रीडापत्रकार स्कॉटी स्टर्लिंग. न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात बसून त्यांनी नव्या खेळाचे नियम लिहून काढले.

५) ऑगस्ट १९६३ मध्ये विंकनबाख यांच्या घरी आठ संघमालक जमले आणि पाळीपाळीने खेळाडू निवडू लागले. स्पर्धेचे नाव भारदस्त होते: ‘ग्रेटर ओकलंड प्रोफेशनल पिगस्किन प्रॉग्नॉस्टिकेटर्स लीग’. पिगस्किन हे चेंडूचे बोलीतले नाव, आणि प्रॉग्नॉस्टिकेटर्स म्हणजे भाकीत करणारे. पहिली निवड झाली ती ह्यूस्टन ऑइलर्सच्या जॉर्ज ब्लांडा याची. तो क्वार्टरबॅकही होता आणि किकरही.

६) या मूळ खेळाची दोन लक्षणे ध्यानात ठेवावी लागतात. पहिले, एक खेळाडू एकाच मालकाचा. ब्लांडा एकाने घेतला की इतरांना तो मिळणार नाही. दुसरे, हिशेब पूर्ण हंगामाचा. एखाद्या रविवारी निसटलेला चेंडू पुढच्या आठवड्यांत भरून निघे. तीन-चार महिन्यांत नशिबाची चढउतार बरीचशी सपाट होई आणि खेळाडूंची पारख असलेला मालक वर येई. १९६९ मध्ये लीगमधील एक सदस्य अँडी मुसालिमस यांनी ओकलंडमधील आपल्या ‘किंग्ज एक्स’ या मद्यगृहात हा खेळ आणला आणि तो मित्रमंडळाबाहेर पडला.

७) दुसरी महत्त्वाची कल्पना बेसबॉलमधून आली. १९८० मध्ये लेखक-संपादक डॅनियल ओक्रेंट आणि त्यांच्या मित्रांनी ‘रॉटिसरी लीग’ सुरू केली. नाव पडले ते न्यूयॉर्कच्या एका फ्रेंच उपाहारगृहावरून. तेथे प्रत्येक मालकाकडे २६० डॉलरची ठरावीक रक्कम असे आणि तेवढ्यातच लिलावात सारा संघ घ्यावा लागे. आता प्रश्न ‘कोण चांगला?’ एवढाच राहिला नाही. ‘कोण आपल्या किमतीपेक्षा चांगला?’ हेही शोधावे लागले. पुढे आलेल्या वेतनमर्यादेचे मूळ याच कल्पनेत आहे.

८) नव्वदीच्या दशकात इंटरनेट आले आणि कागदावरची आकडेमोड संपली. १९९९ मध्ये याहूने फँटसी फुटबॉल विनामूल्य दिले. कोट्यवधी लोक खेळू लागले, तरी कालावधी अजून हंगामाचाच होता. कार्यालयातले सहकारी, जुने वर्गमित्र, वर्षाकाठी थोडी वर्गणी, असे या खेळाचे घरगुती रूप होते.

९) १३ ऑक्टोबर २००६ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी बंदरांच्या सुरक्षेच्या एका कायद्यावर सही केली. त्याच विधेयकाला ऑनलाइन जुगाराकडे जाणारा पैसा रोखणारे कलम जोडलेले होते आणि त्यात फँटसी खेळांना सूट होती. अटी अशा: बक्षिसे आधी जाहीर असावीत, निकालात स्पर्धकांचे ज्ञान व कौशल्य दिसावे, आणि निकाल प्रामुख्याने एकाहून अधिक खऱ्या क्रीडाप्रसंगांतील आकडेवारीवर ठरावा. ‘एकाहून अधिक’ ही अट पुढे कळीची ठरणार होती.

१०) या सुटीच्या आडोशाला नवा धंदा वाढला. २००९ मध्ये फॅनड्यूल आणि २०१२ मध्ये बॉस्टनमध्ये ड्राफ्टकिंग्ज सुरू झाली. हंगाम एका दिवसावर आला. पाळीपाळीची निवडही गेली. आता हजारो लोक एकच खेळाडू घेऊ शकत होते. ड्राफ्टकिंग्जच्या नेहमीच्या फुटबॉल स्पर्धेत ५०,००० काल्पनिक डॉलरांत नऊ जागा भरायच्या आणि खेळाडू किमान दोन सामन्यांतले असायचे. कायदा घडवणाऱ्यांपैकी एक, माजी लोकप्रतिनिधी जिम लीच यांनी २०१५ मध्ये स्पष्ट केले की सूट देताना असे रूप कोणाच्या कल्पनेतही नव्हते.

११) २०१५ च्या शरद ऋतूत दोन्ही कंपन्यांच्या जाहिरातींनी अमेरिकी दूरचित्रवाणी व्यापली. त्याच सुमारास ड्राफ्टकिंग्जच्या एका कर्मचाऱ्याने कोणता खेळाडू किती संघांत आहे याची माहिती वेळेआधी प्रसिद्ध केली, आणि त्याच आठवड्यात फॅनड्यूलवर ३,५०,००० डॉलर जिंकले. ती माहिती त्याच्या हाती संघ बंद झाल्यानंतर आली, असा निष्कर्ष कंपनीने नेमलेल्या चौकशीत निघाला. पण प्रश्न लोकांपुढे आला होता. त्याच वर्षी मॅकिन्झीच्या विश्लेषणातून दिसले की बेसबॉल हंगामाच्या पूर्वार्धात स्पर्धकांच्या एकूण नफ्यापैकी ९१ टक्के नफा केवळ १.३ टक्के स्पर्धकांकडे गेला होता.

१२) नोव्हेंबर २०१५ मध्ये न्यूयॉर्कचे महाधिवक्ता एरिक श्नायडरमन यांनी हा जुगार असल्याचे सांगून दोन्ही कंपन्यांना थांबण्याची नोटीस बजावली. ऑगस्ट २०१६ मध्ये त्याच राज्याने कायदा करून या खेळाला कौशल्याचा खेळ मानले. मॅसॅच्युसेट्सने त्याच वर्षी अनुभवी स्पर्धकांची ओळख उघड ठेवण्याची आणि नवख्यांसाठी वेगळ्या स्पर्धा घेण्याची सक्ती केली. कौशल्य मान्य झाले, पण ते सर्वांकडे सारखे नाही हेही मान्य झाले.

१३) शेवटचे आकुंचन २०१७-१८ च्या सुमारास झाले. गुरुवार, रविवार आणि सोमवार रात्रीचे सामने एकेकटेच असतात. वर्षातला सर्वाधिक पाहिला जाणारा सुपर बोल तर एकमेव. ‘किमान दोन सामने’ या नियमात या रात्री बसत नव्हत्या. म्हणून एकाच सामन्यातून संघ निवडण्याचे रूप आले. २००६ च्या कायद्यातील ‘एकाहून अधिक’ या अटीशी ते उघडच विसंगत दिसत होते.

१४) ड्राफ्टकिंग्जवरील त्याचे नियम थोडक्यात असे. सहा जागा, मर्यादा ५०,०००, दोन्ही संघांतून किमान एक खेळाडू. सहांपैकी एक कर्णधार. त्याचे गुण दीडपट आणि किंमतही दीडपट. झेलाला १ गुण, धावून वा झेलून मिळवलेल्या दर १० यार्डांना १, अशा टचडाउनला ६. क्वार्टरबॅकला फेकीच्या २५ यार्डांना १ आणि टचडाउनच्या फेकीला ४. किकर आणि बचावफळीही निवडता येतात.

१५) निवडीची पद्धत येथे मुळातून बदलते. अनेक सामन्यांत प्रत्येक खेळाडूचा बराचसा स्वतंत्र विचार करता येतो. एका सामन्यात सहाही जण एकाच गोष्टीतली पात्रे असतात. क्वार्टरबॅकची फेक यशस्वी झाली तर रिसीव्हरलाही गुण मिळतात, म्हणून ते एकत्र घेतात. त्याच क्वार्टरबॅकविरुद्धची बचावफळी घेणे म्हणजे आपल्याच संघाला आपल्याच विरोधात उभे करणे. पिछाडीवरचा संघ अधिक फेकतो, आघाडीवरचा अधिक धावतो. सामना कसा घडेल याची आधी कल्पना करावी, मग त्या कल्पनेत जे यशस्वी होतील ते सहा घ्यावेत, ही या रूपाची पहिली शिकवण.

१६) दुसरी शिकवण कर्णधाराची. सर्वांत प्रसिद्ध क्वार्टरबॅकला कर्णधार करण्याचा मोह स्वाभाविक. पण दीडपट किंमत मोजल्यावर उरलेल्या पाच जागा कंगाल होतात. त्या २०१९ च्या रात्री टॉम ब्रेडीने २६२ यार्ड फेकले, एकही टचडाउनची फेक नाही, एक फेक प्रतिस्पर्ध्यांच्या हाती; कमाई साडेनऊ गुणांच्या आसपास. त्याच्याच फेकी झेलणाऱ्या ज्युलियन एडलमनने १० झेल आणि १४१ यार्ड मिळवले. शंभर यार्डांबद्दलचे ३ जादा गुण धरून केवळ झेलांचेच २७.१, कर्णधार म्हणून ४०.६५. पेट्रियट्सच्या बचावफळीचेही १३ झाले, ब्रेडीपेक्षा अधिक.

१७) तिसरी शिकवण माहितीची. न खेळणाऱ्यांची यादी सामन्याच्या ९० मिनिटे आधी जाहीर होते, तर किमती त्यापूर्वीच ठरलेल्या असतात. प्रमुख खेळाडू बाहेर गेला की त्याच्या जागी येणारा स्वस्तात मिळतो. ही संधी सर्वांना एकाच वेळी दिसते. तेथून चौथी आणि सर्वांत अवघड शिकवण सुरू होते: इतर काय करतील?

१८) दोनच संघांतून निवड असल्याने शक्यता मर्यादित असतात आणि हुबेहूब सारखे संघ पुष्कळ निघतात. पहिला क्रमांक शंभर जणांत वाटला गेला तर बक्षीसही त्या साऱ्यांत वाटले जाते. म्हणून जाणते स्पर्धक मुद्दाम काही रक्कम खर्च न करता सोडतात, किंवा लोकांना नकोसा वाटणारा किकर घेतात. खेळाडूंची पारख मागे पडते आणि गर्दीची पारख पुढे येते. विंकनबाख यांच्या घरी ब्लांडा एकाच मालकाचा होता. त्यामुळे हा प्रश्न तेथे उद्भवतच नव्हता.

१९) मग १३-३ हा निकाल कौशल्याचा की नशिबाचा? कमी गुणांच्या सामन्याची कल्पना करून एडलमन, बचावफळी आणि किकर निवडणाऱ्याने विचारपूर्वक निवड केली, हे खरे. परंतु तसा सामना घडेल याची खात्री कोणालाच नव्हती. साठ मिनिटांच्या एका खेळातून पारख आणि योगायोग वेगळे काढता येत नाहीत. त्यासाठी असे शेकडो संघ लागतात.

२०) व्यावसायिक स्पर्धक नेमके तेच करतात. मोठ्या स्पर्धांत एका व्यक्तीला १५० पर्यंत संघ उतरवता येतात. तो एका संघात १३-३ ची कल्पना करतो, दुसऱ्यात ३८-३५ ची, आणि हेच हंगामभर करतो. त्याच्यासाठी हा दीर्घ हिशेबाचा, म्हणजेच कौशल्याचा खेळ राहतो. त्याच स्पर्धेत एकच संघ घेऊन आलेल्या हौशी माणसासाठी तो एका रात्रीच्या सोडतीच्या फार जवळ जातो. दोघांनी भरलेले प्रवेशशुल्क मात्र प्रत्येक संघामागे सारखेच.

२१) अमेरिकेत या पेचाची धार हळूहळू बोथट झाली. १४ मे २०१८ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने क्रीडासट्ट्यावरील केंद्रीय निर्बंध रद्द केला आणि राज्यांना थेट सट्टाही अधिकृत करण्याची मुभा मिळाली. मार्च २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च राज्य न्यायालयाने फँटसी खेळ जुगार नसल्याचा निर्णय दिला, तोही ४ विरुद्ध ३ अशा निसटत्या बहुमताने. सात न्यायमूर्तींचेही या प्रश्नावर एकमत होऊ शकले नाही.

२२) हाच वाद मुंबईतही येऊन गेला. २००८ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ड्रीम११ चे मुख्य रूप एकाच क्रिकेट सामन्याचे होते: १०० क्रेडिटमध्ये अकरा खेळाडू, कर्णधाराला दुप्पट गुण, उपकर्णधाराला दीडपट. २०१७ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने आणि ३० एप्रिल २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यात कौशल्य मानले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने वेगळा मार्ग घेतला. खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून खेळला जाणारा ऑनलाइन खेळ बंद, असा कायदा झाला आणि ड्रीम११ ने सशुल्क स्पर्धा थांबवल्या.

२३) १९६३ पासून आजवर या खेळाचा काळ सतत आखडत आला: हंगाम, मग दिवस, मग एक सामना. न्यायालये खेळात कौशल्य आहे का, असे विचारत राहिली. ते होते आणि आहे. विचारायचा दुसरा प्रश्न असा की ते कौशल्य दिसून येण्यासाठी किती सामने लागतात, आणि तेवढे सामने हरत राहण्याइतके पैसे कोणाकडे असतात. विंकनबाख यांच्या घरी जमलेल्या आठही जणांना पूर्ण हंगाम मिळत होता. एका रात्रीच्या संघात तो केवळ काहींनाच मिळतो.

(समाप्त)