पाप कोणाचे, भिंत कोणाची?

कुंभकोणम या नगराचे नावच एका प्रलयाची आठवण सांगते. सारी सृष्टी जलमय झाली असता ब्रह्मदेवाचा अमृतकुंभ वाहत येऊन येथे थांबला, अशी कुंभेश्वराची स्थलकथा आहे. संकटामागे देवाचा काही हेतू असतो, ही श्रद्धा या कावेरीकाठाप्रमाणे आम्हा सर्वांच्याच रक्तात मुरलेली आहे. भूकंप तिची कठोर परीक्षा घेतो. कारण त्यात पापी आणि पुण्यवान एकाच तुळईखाली सापडतात.

तंजावरास प्रतापसिंह भोसल्यांचे राज्य होते, त्या काळी, १ नोव्हेंबर १७५५ रोजी, ही परीक्षा लिस्बनवर आली. गोव्याचे राज्यकर्ते ज्या नगरीतून हुकूम पाठवीत, तीच ही नगरी. सर्व संतांचा सण होता. प्रार्थनामंदिरे भरलेली होती. भूमी हादरली, मागोमाग समुद्र शहरात शिरला, आणि उरले ते आगीने नेले. हा ईश्वरी कोप होय, असे मालाग्रीदा नामक धर्मगुरूने बजाविले. जे घडते ते चांगल्यासाठीच, असे म्हणणाऱ्या तत्त्वज्ञांना व्हॉल्तेअरने उद्वेगाने जाब विचारला. रूसोने त्यास लिहिले की, उंच घरांची ती दाटी काही निसर्गाने केलेली नव्हती.

तथापि या वादाहून आम्हास मोलाचे वाटते ते पोंबाल या प्रधानाच्या अमलातील एक साधे दप्तरी काम. गावोगावच्या धर्मगुरूंकडे एक प्रश्नावली गेली. धक्का किती वेळ टिकला? माणसे किती दगावली? समुद्र आधी चढला की ओसरला? आधुनिक भूकंपशास्त्राचा एक उगम या रुक्ष कागदांत आहे. नव्या घरांच्या भिंतींत लाकडी सांगाडे बसविण्याची पद्धतही त्याच वेळी रूढ झाली.

आपल्याकडे हाच वाद १९३४ साली पेटला. १५ जानेवारीस बिहार व नेपाळ हादरले; दहा हजारांहून अधिक माणसे मेली, मुंगेर उद्ध्वस्त झाले. अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यावर असलेल्या गांधीजींनी २४ जानेवारीस याच तामिळ मुलखात, तिरुनेलवेलीच्या सभेत, हा अस्पृश्यतेच्या पापाचा ईश्वरी दंड असल्याचे सांगितले. रवींद्रनाथांना अस्पृश्यतेचा तिटकारा गांधीजींइतकाच होता. तरीही त्यांनी निषेध केला. भौतिक उत्पाताचे कारण भौतिकच असते, असे त्यांचे म्हणणे. शिवाय हाच न्याय लावून सनातन्यांनी भूकंपाचे खापर गांधीजींच्याच चळवळीवर फोडले तर काय उत्तर देणार? दोघांची मते १६ फेब्रुवारीच्या ‘हरिजन’मध्ये एकत्र छापली गेली. गांधीजींचे दुःख खरे होते आणि अस्पृश्यता हे महापापही खरे; परंतु दोन्ही पक्षांना सारखेच वापरता येते ते शस्त्र सत्याचा निवाडा करू शकत नाही. आणि मुंगेरच्या ढिगाऱ्याखाली ज्यांची मुले गेली, त्यांना आणखी पापाचा बोल लावणे क्रूरपणाचे होते.

किल्लारीने हे महाराष्ट्रास नव्याने शिकविले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून निजलेल्या गावांवर घरे कोसळली आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. उन्हाळ्यात गारवा देणाऱ्या दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे जड माळवद हीच तेथे मृत्यूची कारणे ठरली. भिंतीचे दोन थर एकत्र बांधणारे आरपार दगड आणि घराभोवती फिरविलेला काँक्रीटचा पट्टा, एवढ्याने कितीतरी जीव वाचते.

येथून पूर्वेस, नागपट्टणमच्या किनाऱ्यावर, २६ डिसेंबर २००४ रोजी सहा हजारांहून अधिक माणसे समुद्राने नेली. सुमात्राजवळच्या भूकंपानंतर लाटा येथवर पोहोचण्यास दोन तासांहून अधिक अवधी लागला. परंतु इशारा देणारे कोणी नव्हते. तशी व्यवस्था २००७ साली हैदराबाद येथे सुरू झाली. समुद्र चढला की ओसरला, हे विचारणाऱ्या लिस्बनच्या त्या कागदाचीच ती दूरची संतती होय.

पापाचा पश्चात्ताप करावा. त्यासाठी धरणी हादरण्याची वाट पाहावयास नको. धरणी हादरल्यावर मात्र आधी भिंत कशी होती ते विचारावे, उत्तर नीट लिहून ठेवावे, आणि पुढची भिंत त्याप्रमाणे बांधावी.