बंब, चूल आणि चिलार : सोलापूरच्या जळणाची गोष्ट



सोलापूरचा इतिहास सांगायचा म्हटलं की गिरण्यांच्या चिमण्या येतात, सिद्धरामेश्वरांचं तळं येतं, १९३०चा मार्शल लॉ येतो. जळण कुठंच येत नाही. पहाटे उठून घरात सगळ्यात आधी ज्याला हात लागायचा, त्याची नोंद कुणी ठेवली नाही, कारण तो हात बाईचा होता. म्हणून आज आम्ही जळणाबद्दल बोलणार आहोत.

आपल्याकडं थंडी बेताची. युरोपातल्या गावांत अख्खं घर उबदार ठेवायला लाकूड जाळतात. आपल्याला ऊब लागते ती भाकरीला, आंघोळीच्या पाण्याला आणि बाळंतिणीला. पाण्यासाठी तांब्याचा बंब. मधल्या नळकांड्यात विस्तव, भोवती पाणी, आणि वरच्या तोंडातून धूर. त्यासाठी फोडलेल्या बारीक लाकडाला बंबफोड असं वेगळं नावच होतं. ज्याच्या घरी तांब्याचा बंब तो बऱ्या घरचा. बाकीच्यांचं पाणी न्हाणीशेजारी तीन दगडांवर काळ्या हंड्यात तापायचं. बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, वर ओव्याची धुरी. त्या बंद खोलीतला धूर बाळाच्याही छातीत जायचा, हे तेव्हा कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

आता प्रश्न असा, की एवढं जळण यायचं कुठून? १४,८९५ चौरस किलोमीटरचा आपला जिल्हा, पण यात खरं रान शेकड्याला एक एकरही भरत नाही. पाऊस कमी, काळी जमीन, सगळी ज्वारीखाली. झाड म्हणजे बांधावरची बाभूळ, लिंब, बोर.

१८६० साली रेल्वे सोलापुरात आली. रुळांखालचे स्लीपर लाकडाचे, आणि सुरुवातीला देशात पुष्कळ ठिकाणी इंजिनातही लाकूडच जळायचं. १८७६ ते ७८चा मोठा दुष्काळ पडला, जिल्हा होरपळला, आणि त्याच दुष्काळात, १८७७ साली, इथली जुनी मिल सुरू झाली. दुसऱ्याच वर्षी, १८७८ला, जंगलाचा कायदा आला. जिथं रान राखीव झालं तिथं काल सहज तोडलेली काटकी आज गुन्हा ठरली. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात या जंगलखात्यावर ते तुटून पडलेत. गरीब शेतकऱ्याच्या गुरांना चरायला जागा उरली नाही, ही त्यांची तक्रार होती. आम्ही त्यात एवढंच जोडू, की गुरं गेली की शेण जातं, आणि शेण गेलं की चूल विझते.

मग बायांनी काय केलं? ज्याला सरकार लाकूड म्हणत नाही ते जाळलं. ज्वारी काढली की रानात धसकटं उरायची. ती वेचून, माती झटकून, ढीग लावून ठेवायची. तुरीच्या तुराट्या, जिथं कापूस तिथं पऱ्हाट्या. उन्हाळ्यात गोवऱ्या थापायच्या आणि पावसाळ्याआधी त्यांचा हुडवा रचून वरून लिंपून घ्यायचा. कशाची आच कशी, हे प्रत्येकीला ठाऊक. तुराटी भसाभसा पेटते आणि लगेच राख होते, तिच्यावर चहा होईल पण डाळ शिजणार नाही. गोवरी धुमसत राहते, दूध तापवायला तीच बरी. भाकरीला बाभळीसारखा आर दुसऱ्या कशाचा नाही. वैलावर कालवण, पुढं तवा, आणि तव्यावरून उतरलेली भाकरी आरासमोर उभी. कोणत्या महिन्यात काय जाळायचं आणि आषाढासाठी किती राखून ठेवायचं, याचा वर्षभराचा हिशोब बाईच्या डोक्यात असायचा. याला आजकाल ऊर्जा नियोजन म्हणतात. तेव्हा त्याला नाव नव्हतं, म्हणून पगारही नव्हता.

हा हिशोब १९७२ला पार मोडला. ज्वारी नाही म्हणून धसकटं नाहीत, जनावरं विकली म्हणून गोवऱ्या नाहीत. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि संध्याकाळी चुलीत काय घालायचं ते शोधत फिरायचं. त्या दुष्काळाच्या आठवणीत सुकडी येते, पाण्याचे टँकर येतात. त्या संध्याकाळची पायपीट म्हाताऱ्या बायांनी विचारल्याशिवाय सांगितली नाही.

पुढं दोन गोष्टी झाल्या. १९८०च्या सुमाराला उजनी धरण पुरं झालं, पाणी आलं, ऊस आला. धसकटांची रानं कमी झाली आणि पाचट बांधावरच पेटवून देण्याची चाल पडली. दुसरी गोष्ट चिलारीची, कुणी तिला वेडी बाभूळ म्हणतं. हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं, एकोणिसाव्या शतकात भारतात आणलेलं. ओढे, गायरानं, उजनीचा काठ, सगळीकडं माजलं. काटा लागला तर पाय सुजतो. पण खरं सांगायचं तर गेली कित्येक वर्षं गरीब घरची चूल याच झाडानं चालवली आहे. त्याचा कोळसाही होतो. भट्ट्यांवर रायगड-ठाण्याकडची कातकरी कुटुंबं उचल घेऊन येतात आणि ती उचल फिटता फिटत नाही. हॉटेलच्या तंदुरीतला कोळसा त्यांच्या हातचा असतो. स्वस्त जळण कुणाच्या तरी अंगावरच पडतं.

चूल सुधारायचे प्रयत्नही जुने आहेत. वर्ध्याच्या मगनवाडीत १९४०च्या दशकात मगन चूल तयार झाली, धूर नळीनं बाहेर काढणारी. १९८३ला केंद्र सरकारनं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. तो २००२ला बंद झाला तोवर सरकारी आकड्यांत तीन कोटींहून जास्त चुली बसल्या होत्या. किती टिकल्या? ज्यांच्याकडं अशी चूल होती त्या सांगतील: तोंड लहान, मोठं लाकूड जाईना, आरासमोर भाकरी उभी करायला जागाच नाही. नळी काजळीनं भरली की धूर परत घरात. चूल करणाऱ्यानं भाकरी थापणारीला विचारलं नव्हतं. त्यातल्या त्यात पुण्याच्या ‘आरती’ संस्थेनं नेटकं काम केलं. उसाच्या पाचटापासून कोळसा करायची त्यांची पद्धत २००२ला लंडनच्या ॲशडेन पुरस्कारापर्यंत पोचली. आपल्याकडं पाचट मात्र अजून जळतंच आहे.

नियोजन हा शब्दही तेव्हाच आला. सहाव्या पंचवार्षिक योजनेत, म्हणजे १९८० ते ८५ मध्ये, नियोजन मंडळानं काही तालुक्यांत एकात्मिक ग्रामीण ऊर्जा नियोजन सुरू केलं. कल्पना चांगली होती: तालुक्यात लाकूड, शेण, वीज, रॉकेल किती लागतं ते मोजा आणि मग ठरवा. पण मोजणी कागदावर राहिली आणि वाटप चुलींचं, दिव्यांचं झालं.

मग गॅस आला. उज्ज्वला योजना १ मे २०१६ला उत्तर प्रदेशात बलियाला सुरू झाली. आठ कोटीव्या जोडणीचा कागद ७ सप्टेंबर २०१९ला औरंगाबादला, बचत गटांच्याच मेळाव्यात दिला गेला. आपल्यातल्या काहीजणी तिथं गेल्या असतील. गॅसमुळं धूर कमी झाला, यात शंका नाही, आणि ते लहानसहान नाही. घरातल्या धुरामुळं जगात २०२० साली ३२ लाख माणसं गेली, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण टाकी संपली की दुसरी भरायला रोजगार लागतो. म्हणून चहा-भाजी गॅसवर, भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवर, अशी वाटणी घरोघर झाली आहे. दक्षिण सोलापुरात फताटेवाडीला १,३२० मेगावॅटचं वीजकेंद्र उभं आहे, तरी त्या भागातही अंगणातला हंडा काटक्यांवर तापतो.

ऑस्ट्रियात ग्युसिंग नावाचं जेमतेम चार हजार वस्तीचं गाव आहे. तेल-विजेपायी गावातून दरवर्षी किती पैसा बाहेर जातो, हे त्यांनी मोजलं. १९९०ला गावसभेनं ठरवलं की आता आपल्याच रानातलं लाकूड वापरायचं. एका ठिकाणी पाणी तापवून नळांनी घरोघर ऊब पोचवली. पुढं २०१३ला तिथला लाकडावरचा वीजप्रकल्प दिवाळखोरीत गेला, तेव्हा सगळं गोड नव्हतं. पण पहिली पायरी मोजणीची होती, आणि ती गावानं स्वतः केली.

आपल्या ग्रामपंचायतीही २०१५ पासून ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखडा करतात. त्यात पथदिवे असतात, सौर दिवे असतात. न्हाणीचं पाणी कशावर तापतं, त्यासाठी कोण किती लांब जातं, हा रकाना आम्हाला कुठं दिसला नाही. वर्षातले बरेच महिने कडक ऊन असणाऱ्या जिल्ह्यात शाळेला, अंगणवाडीला, चार घरांत मिळून एक सौर बंब का नसावा, हे विचारायची जागा आहे. ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घ्यावीच लागते. तिथं जाताना एका आठवड्याचं जळण तोलून, वहीत लिहून न्या. धसकटं वेगळी, चिलार वेगळी, आणि वेचायला गेलेला वेळ शेवटच्या रकान्यात.